'नो'मधला मुका के

(दृश्य: दुरेघी वही. एक मूल शिसपेन्सिलीने के, एन, ओ, डब्ल्यू ही चार अक्षरं काढतंय.)

अक्षरं चार, उच्चार मात्र 'नो'. मग हा पहिला के कशाला? शाळेत उत्तर मिळतं, "तो सायलेंट आहे, पाठ करा." मला हे उत्तर कधीच पुरलं नाही.

हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात हे क्रियापद 'क्नावन' असं होतं आणि त्यातला क खणखणीत ऐकू यायचा. सतराव्या शतकाच्या सुमारास तो जिभेवरून उतरला. पण तोवर छापखान्यांमुळे स्पेलिंग रुळलं होतं, म्हणून कागदावर टिकला.

या क्नावनचं सख्खं भावंड तुम्ही रोज बोलता: जाणणे.

संस्कृत 'ज्ञा', ग्रीक 'ग्नोसिस', इंग्रजी 'नो', सगळ्यांचं मूळ एकच. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात तिथले इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटी या विद्वानांच्या संस्थेपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमधलं साम्य योगायोगाचं नाही. 1822 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी ध्वनिबदलाचा नियम मांडला: मूळचा ग तिकडच्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत क झाला. आपल्याकडे या शब्दांतल्या ग चा ज झाला.

(दृश्य: विहिरीच्या काठावर पोहायला आलेली मुलं.)

अर्थांकडे बघा. इंग्रजीत उत्तरही 'नो', शेजारीही 'नो', पोहणंही 'नो'. मराठीत उत्तर माहीत असतं, शेजाऱ्याला आपण ओळखतो, पोहता येतं. आणि जाणतो काय? दुसऱ्याचं दुःख. जाण, जाणीव, जाणता राजा... हा धातू मराठीने फार जपून वापरलाय. त्याच्या नकारालाही स्वतंत्र शब्द दिला, नेणणे. 'नेणतं वय' म्हणताना तोच आपल्या तोंडी असतो.

इंग्रजी 'कॅन'सुद्धा याच घरातलं. त्याचा जुना अर्थ 'माहीत असणे'. 'करता येणे' नंतर आलं.

(दृश्य: तीच वही. मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर टेकवलेली.)

गुडघ्यालाही इंग्रजीत 'नी' म्हणतात, आणि तिथेही पुढे तोच मुका के. त्याचा आपल्याकडचा जोडीदार 'जानु', आजानुबाहू (गुडघ्यापर्यंत हात पोचणारा) मधला. जर्मनीत मात्र गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात. क अगदी स्पष्ट.