आधी आवाज, मग गती, शेवटी चित्र: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची मांडणी

मित्रहो, आज रत्नागिरीत या सभागृहात जमलेल्यांपैकी अनेकांच्या घरी फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणारा प्रोग्रॅम, चालतो, हे मघाशी झालेल्या गप्पांवरून कळले. तुमच्यासमोर मी एकच मुद्दा मांडणार आहे. सिम्युलेटर बसवला की आपण आधी चित्राचा दर्जा जास्तीत जास्त वर नेतो, मग चित्र अडखळू लागले की तो थोडा खाली आणतो, आणि संगणकातल्या पंख्यांच्या आवाजाचा विचार करायचे राहूनच जाते. माझ्या मते हा क्रम पूर्णपणे उलटा असायला हवा: आधी खोलीत किती आवाज चालेल ते ठरवावे, त्यानंतर चित्राची गती, आणि उरलेली ताकद दृश्याच्या तपशिलावर खर्च करावी.

आवाजाला इतके महत्त्व देण्याचे पहिले कारण असे, की विमान कानांनीही चालवले जाते. थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतल्यावर इंजिनाचा उतरणारा सूर आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) उघडल्यावर बदलणारी वाऱ्याची घरघर या गोष्टी वैमानिकाला वेगाच्या काट्याकडे न पाहताही बरेच काही सांगतात. ग्लायडरमध्ये तर इंजिनच नसते, आणि तिथे वाऱ्याचा आवाज हीच वेगाची एक मोठी खूण असते. टेबलाखालचा पंखा या सगळ्यावर आपला आवाज लादत असेल, तर चित्र कितीही सुंदर असले तरी उड्डाणाचा अर्धा अनुभव हरवतो. हेडफोन हा उपाय सुचवला जातो खरा. पण मे महिन्याच्या दमट हवेत तासभर कान झाकून बसणे किती त्रासाचे असते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

दुसरे कारण आपल्या हवामानाचे आहे. हीटसिंक (उष्णता पसरवणारा पातेदार धातूचा ठोकळा) आणि पंखे संगणकाच्या चिपला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाहीत; विजेचा वापर आणि पंख्याची गती तीच असेल, तर चिप खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनी गरम राहते. म्हणजे 20 अंशांच्या वातानुकूलित खोलीत 68 अंशांवर चालणारे ग्राफिक्स कार्ड (संगणकातला चित्र काढणारा भाग) आपल्या 32 अंशांच्या खोलीत 80 अंशांच्या आसपास जाते. कार्ड ही भरपाई पंखा वाढवून करते, आणि इथे एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंख्यातून जाणारी हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते, परंतु आवाजाची शक्ती फेऱ्यांच्या साधारण पाचव्या घाताने वाढते. त्यामुळे फेऱ्या निम्म्या केल्या तर आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो, आणि केवळ 20 टक्के कमी केल्या तरी जवळपास 5 डेसिबलचा फरक पडतो. थोडी उष्णता कमी केली तर शांतता पुष्कळ मिळते, ती यामुळे.

ही उष्णता कमी करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे कार्डाची वीजमर्यादा खाली आणणे. चिपचा वीजवापर घड्याळगतीच्या (चिप ज्या वेगाने काम करते त्याच्या) प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि गतीचे शेवटचे काही टक्के मिळवण्यासाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते. म्हणून मर्यादा 75 ते 80 टक्क्यांवर ठेवल्यास बहुतेक कार्डांची कामगिरी त्या मानाने फारच थोडी घटते. त्याचबरोबर पंख्याची गती सतत वर-खाली होणार नाही अशी, तापमानानुसार ती गती ठरवणारी रेषा सपाट ठेवावी, कारण एकसारख्या घरघरीला कान सरावतो, चढत्या-उतरत्या आवाजाला सरावत नाही.

आता गतीकडे येतो. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रे, हव्यात असा आग्रह सर्वत्र दिसतो. 60 फ्रेमच्या वेळी प्रत्येक चित्राला 16.7 मिलिसेकंद मिळतात, 30 फ्रेमच्या वेळी 33.3. डोळ्याला खटकते ती या वेळांमधली अनियमितता, म्हणूनच 38 ते 60 यांमध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा 30 वर पक्क्या बांधलेल्या फ्रेम, जिथे 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळा पडदा ताजा करणारा, मॉनिटर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दाखवतो, लँडिंगला अधिक विश्वासार्ह वाटतात. 120 हर्ट्झचा मॉनिटर असेल तर 40 ही संख्या फार उपयोगी आहे: प्रत्येक चित्र तीनदा दिसते आणि 25 मिलिसेकंद हा काळ 30 आणि 60 यांच्या बरोबर मध्यावर येतो. फ्रेमवर मर्यादा घातली की चिपला मध्येमध्ये विश्रांती मिळते आणि पंखाही शांत राहतो, म्हणजे आवाज आणि गती ही दोन्ही कामे एकाच सेटिंगने साधतात. ही मर्यादा मेनूच्या पडद्यालाही लावावी. तिथे ती नसेल तर कार्ड निष्कारण शेकडो चित्रे काढत राहते.

त्यानंतर दृश्य. नेमके कोण थकते आहे हे ओळखण्यासाठी रिझोल्यूशन (पडद्यावरच्या बिंदूंची संख्या) तात्पुरते कमी करून पाहावे: फ्रेम वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा, तशाच राहिल्या तर प्रोसेसरचा. आपल्याच प्रदेशात याच्या दोन उत्तम परीक्षा आहेत. मुंबईच्या विमानतळावर उतरताना दाट इमारती आणि इतर विमाने प्रोसेसरवर भार टाकतात; तिथे भूभागाच्या तपशिलाचे अंतर आणि विमानांची संख्या कमी करावी. जुलैच्या हवामानात सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाकडे जाताना ढगांचे थर ग्राफिक्स कार्डाला घाम फोडतात. तिथे ढगांचा दर्जा एक पायरी उतरवावा, किंवा रेंडर स्केल, म्हणजे चित्र पडद्याच्या किती टक्के रुंदी-उंचीत काढायचे ते प्रमाण, 80 टक्के करावे, ज्यामुळे काढायचे बिंदू 64 टक्क्यांवर येतात. कॉकपिटमधील अक्षरे मात्र वाचता आली पाहिजेत, त्यामुळे रेंडर स्केल याहून फार खाली नेऊ नये. सावल्या आणि प्रतिबिंबे निःसंकोच कमी करावीत. फ्रेम जनरेशनने (दोन चित्रांच्या मध्ये संगणकाने तयार केलेली जादा चित्रे घालण्याने) पडद्यावरची गती वाढते, पण जॉयस्टिकला मिळणारा प्रतिसाद त्यामुळे सुधारत नाही, उलट किंचित लांबतो. म्हणून समुद्रावरच्या लांब प्रवासात ते ठीक, फ्लेअरच्या (धावपट्टीला टेकण्याआधी नाक वर उचलण्याच्या) क्षणी नाही.

नवीन संगणक घेणाऱ्यांना एवढेच सांगेन, की ठरलेल्या रकमेत एक पायरी वरची चिप आणि छोटा कूलर घेण्यापेक्षा एक पायरी खालची चिप, जाड हीटसिंक आणि मोठे, सावकाश फिरणारे पंखे घ्यावेत. किनाऱ्याच्या खारट, दमट हवेत धूळ हीटसिंकच्या पात्यांना चिकटून बसते, म्हणून पुढच्या बाजूला सहज निघणारी जाळी असलेला कॅबिनेट निवडावा आणि पावसाळा संपल्यावर तो उघडून, पंखे बोटाने धरून, कोरड्या ब्रशने साफ करावा.