जुन्या आरसी ट्रकमध्ये पैसा आधी कुठे घालायचा

सेकंडहॅण्ड ऑफरोड आरसी ट्रक, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी, घरी आला की नवखा माणूस पहिली चौकशी मोटरची करतो. ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेली मोटर बसवली तर किती पळेल? आज मोटर सगळ्यात शेवटी येणार आहे, आणि त्याचं कारण आधीच सांगतो. मोटरची ताकद तिच्या दांड्यावरच्या लहान गिअरमधून, म्हणजे पिनियनमधून, मोठ्या स्पर गिअरला जाते, तिथून स्लिपर क्लच, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, ड्राइव्हशाफ्ट आणि शेवटी चाक ज्यावर बसतं त्या षटकोनी हेक्सपर्यंत. या रस्त्यात जो भाग सगळ्यात कच्चा, तो तुटतो. तो बदलून पक्का केला की पुढचा तुटतो. जुन्या गाडीत कच्चा भाग कोणता, हे विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं. म्हणून मोटर मागवण्याआधी गाडी उघडायची.

उघडण्याआधी एक गोष्ट तपासा. रिमोटचा इशारा घेणारा रिसीव्हर, मोटरचा वेग सांभाळणारा ईएससी आणि स्टिअरिंग वळवणारा सर्व्हो वेगवेगळे आहेत की सर्किटच्या एकाच पाटीवर सगळं आहे? सर्व्होतून पाच वायर निघत असतील तर त्याचं डोकं सर्व्होत नाही, मुख्य पाटीवर आहे. अशा गाडीत नुसता सर्व्हो बदलता येत नाही. तीन वायरचा सर्व्हो घ्यायचा तर वेगळा रिसीव्हर, वेगळा ईएससी आणि नवा रिमोट असा पूर्ण संच घ्यावा लागतो. हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा. रिमोटला लांब काढायची अँटेना आणि क्रिस्टल असेल तर तो जुना, बहुतेक २७ मेगाहर्ट्झचा संच आहे. त्यावर वेळ घालवू नका. २.४ गिगाहर्ट्झचा साधा तीन चॅनेलचा संच घ्या आणि पहिल्याच दिवशी त्याचा फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडीने काय करायचं ते) न्यूट्रलवर किंवा ब्रेकवर बसवा. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

आता हत्यारं. या गाड्यांचे स्क्रू बहुतेक १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या अॅलनचे असतात. पण जुन्या अमेरिकन गाड्यांत इंचातले स्क्रू सापडतात, आणि घोळ तिथे होतो. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिलिमीटर, म्हणजे २ची की कशीबशी चालून जाते. ३/३२ इंच मात्र २.३८ मिलिमीटर, त्यात २.५ची की जात नाही आणि २ची घातली की कोपरे गोल होतात. तामियाच्या गाडीत फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. त्यावर साधा फिलिप्स दाबला तर डोकं खरवडतं. चांगल्या पोलादाचे तीन ड्रायव्हर हा या छंदातला पहिला खर्च. तो टाळला तर एक अडकलेला स्क्रू अख्खी संध्याकाळ खातो.

चाकं काढा, मोटर सैल करून पिनियन स्परपासून दूर सारा आणि प्रत्येक धुरा बोटांनी फिरवा. खरखर लागली, अडकत अडकत फिरला किंवा चाक आडवं हललं तर बेअरिंग गेलं. पुष्कळ स्वस्त गाड्यांत आणि किटमध्ये बेअरिंग नसतातच, त्यांच्या जागी प्लास्टिकच्या साध्या कड्या, म्हणजे बुश असतात. त्यांत धूळ शिरली की भोक लंबगोल होतं, चाक डुलतं, आणि गिअरबॉक्सच्या आत हेच झालं तर गिअर एकमेकांपासून लांब जाऊन दात खातात. सगळ्या बुशच्या जागी बॉल बेअरिंग घालणं हा माझ्या मते पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग आहे: गाडी जास्त लांब जाते, बॅटरी जास्त टिकते आणि मोटर कमी तापते.

इंदूरकरांना इथे एक सोय आहे. सांवेर रोड आणि पिथमपूरच्या कारखान्यांमुळे गावात बेअरिंगची दुकानं आहेत. दुकानात जाऊन 'आरसी गाडीचं बेअरिंग' मागू नका, माप सांगा. ५×११×४ मिलिमीटर म्हणजे एमआर ११५, ५×८×२.५ म्हणजे एमआर ८५, १०×१५×४ म्हणजे ६७००, आणि १२×१८×४ म्हणजे ६७०१. पुढे झेडझेड असेल तर बाजूला पत्र्याचं झाकण, टूआरएस असेल तर रबराचं. आपल्या मातीसाठी चाकाजवळ टूआरएसच घ्या; थोडं जड फिरतं, पण धूळ आत जात नाही. गिअरबॉक्सच्या आत झेडझेड चालतं. घेण्याआधी जुनं बेअरिंग व्हर्निअरने मोजा, कारण जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही धुऱ्याला खेळ देतो.

बेअरिंग झाली की स्पर आणि पिनियन. स्परचे दात नखाने एकेक करून बघा. एकाचंही टोक उडालेलं असेल तर बदला. बदलताना पिच, म्हणजे दातांचं माप, चुकली की नवा गिअरही दोन मिनिटांत भुगा होतो. पिच ओळखायची रीत सोपी आहे. गिअरचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा, दातांच्या संख्येत २ मिळवा आणि त्याने भागा. उत्तर ०.५३ च्या आसपास आलं तर ४८ पिच, ०.७९ आलं तर ३२ पिच, ०.६ आलं तर ०.६ मोड्यूल. ८६ दातांचा ४८ पिच स्पर साधारण ४६.६ मिलिमीटरचा भरतो. तेवढ्याच दातांचा ०.६ मोड्यूलचा असता तर ५२.८ भरला असता. ४८ पिच आणि ०.६ मोड्यूल नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात, आणि नवखे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात.

दोन गिअरमधलं अंतर बसवायला वहीच्या कागदाची पट्टी पुरते. पट्टी दातांमध्ये घाला, मोटर हलकी दाबून स्क्रू कसा, मग गिअर फिरवून पट्टी काढा. तिच्यावर स्वच्छ घड्या दिसल्या पाहिजेत, ती फाटलेली नको. नंतर स्पर पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी हाताने खेळ तपासा. जुना स्पर बहुधा किंचित वाकडा फिरतो, म्हणून सगळ्यात घट्ट जागी थोडा खेळ उरला पाहिजे. फार घट्ट असेल तर गाडी किंचाळते आणि मोटर तापते, फार सैल असेल तर दात उडतात. पिनियनचा बारीक स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच बसवायचा आणि त्याला निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब द्यायचा. थ्रेडलॉक धातूवर धातू असेल तिथेच लावा. प्लास्टिकवर सांडलं तर काही प्लास्टिक चिरतात.

स्लिपर क्लच असेल तर तो पूर्ण कसून टाकायची सवय लागू देऊ नका. गाडी उडी मारून जमिनीवर येते, चाकं फिरत असतात आणि एकदम पकड मिळते. तो झटका स्लिपर घसरून खातो. स्लिपर जाम केला तर झटका सरळ स्परच्या दातांना किंवा डिफरेन्शियलला बसतो. पकड चांगली असेल अशा जमिनीवर उभ्या गाडीला एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. पहिल्या फूट-दोन फुटांत स्लिपर घसरल्याचा आवाज आला पाहिजे, त्यापुढे नाही.

आता सर्व्हो. जुन्या ट्रकचं स्टिअरिंग ढिलं वाटलं की सर्व्होला दोष दिला जातो, पण आधी सर्व्हो सेव्हर (सर्व्होला झटक्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा भाग), बेल क्रँक (स्टिअरिंगचा लिव्हर) आणि टाय रॉडची टोकं हलवून बघा. निम्मा खेळ तिथे असतो. १/१० मापाच्या ट्रकला ९ ते १५ किलो-सेंटिमीटर ताकदीचा, धातूच्या गिअरचा सर्व्हो पुरे. एमजी९९६आर सगळीकडे मिळतो: कागदावर ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर, २५ दातांचा स्प्लाइन. त्याच्या नकला खूप आहेत आणि तो वॉटरप्रूफ नाही, हे धरून घ्या. खरी अडचण मात्र वेगळी आहे. चाक दगडात अडकलं आणि सर्व्हो जाम झाला की तो सुमारे २.५ अँपिअर ओढतो. जुन्या ब्रश्ड ईएससीतलं बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देणारा भाग, अनेकदा १ ते २ अँपिअरचंच असतं. मग रिसीव्हरचं व्होल्टेज कोसळतं, तो क्षणभर बंद पडतो आणि गाडी हुकमाबाहेर जाते. लोक समजतात रिमोटची रेंज कमी आहे! उपाय म्हणजे ५ अँपिअरचं वेगळं बीईसी, ६ व्होल्टवर लावून. ते बॅटरीच्या वायरना जोडा, त्याचा प्लग रिसीव्हरला द्या, आणि ईएससीच्या तीन वायरच्या प्लगमधली मधली लाल वायर काढून तिला टेप लावा. नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. शेवटी रिमोटवर एंड पॉइंट (सर्व्हो कुठवर वळेल ती मर्यादा) असा लावा की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुणगुणत राहणार नाही.

बॅटरीबाबत मी थोडा कडक आहे. जुन्या गाडीबरोबर मिळालेली लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) वापरू नका. पोट फुगलं असेल तर अजिबातच नाही. चार्जरमध्ये डिस्चार्जची सोय असेल तर तिने, नाहीतर मोटरसायकलच्या १२ व्होल्टच्या बल्बवर, घराबाहेर आणि नजरेसमोर ती पूर्ण रिकामी करा. मग टोकांना टेप लावून ती नगर निगमच्या गाडीत घातक किंवा ई-कचऱ्याच्या खणात द्या. आपल्याकडे कचरा सहा भागांत वेगळा घेतात, ती सोय अशाच वेळी कामाला येते.

नवी बॅटरी ७.४ व्होल्टची दोन सेलची पुरे. भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, ठेवून द्यायची तर ३.८, आणि ३ च्या खाली कधीही नाही. चार्जिंग १सी ने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्याच अँपिअरने: ५००० मिलिअँपिअर-तासांची असेल तर ५ अँपिअर, १५००ची असेल तर १.५. सगळे सेल सारखे भरणारा बारीक बॅलन्स प्लग जोडल्याशिवाय चार्ज करू नका. जुना ईएससी ७.२ व्होल्टच्या निकेल बॅटरीसाठी लावलेला असू शकतो. त्यावर लायपोचा जंपर किंवा मोड आहे का बघा. नसेल तर बॅलन्स प्लगला लावायचा लो-व्होल्टेज बझर घ्या आणि तो सेलमागे ३.४ व्होल्टवर ठेवा. चालण्याचा वेळ घरी मोजता येतो: गाडी सरासरी २० अँपिअर ओढत असेल तर ५००० ची बॅटरी १५ मिनिटांत संपते. पाचवा हिस्सा राखून १२ मिनिटांवर थांबा.

बॅटरीचा जुना तामिया प्लग तापून वितळलेला असेल तर एक्सटी६० प्लग लावा. इंदूरच्या महाराणी रोडवर ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, चपट्या टोकाची बिट आणि १४ गेजची सिलिकॉन वायर घ्या. २५ वॅटच्या आयर्नने जाड वायरवर सोल्डर नुसतं चिकटतं, धरत नाही. सोल्डर करताना प्लगमध्ये त्याचा जोडीदार घालून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी पिना हलत नाहीत. तो जोडीदार सुटा असावा, बॅटरीला जोडलेला नको. बॅटरीच्या बाजूला एका वेळी एकच वायर उघडी करा.

शॉकमध्ये ३० ते ४० वेटचं (वेट म्हणजे दाटपणाचा आकडा) सिलिकॉन तेल भरा, पिस्टन हळूहळू वरखाली करून बुडबुडे वर येऊ द्या, पाच-दहा मिनिटं थांबा, मग झाकण लावा. वेटचे आकडे कंपनीगणिक बदलतात, म्हणून एकाच कंपनीचं तेल वापरा. फूटभर उंचीवरून गाडी सपाट सोडली की पोट जमिनीला हलकं टेकावं, आपटू नये. टायर सुटलेला असेल तर कडा स्पिरिटने पुसून पातळ फेव्हिक्विक चार ठिकाणी थेंब-थेंब सोडायचं, एवढंच.

माती मात्र आपली खास आहे. काळी माती ओली झाली की चाकांत लाडवासारखी बसते, टायरचं वजन दुप्पट-तिप्पट होतं, आणि तो सगळा भार मोटरवर आणि ईएससीवर येतो. ईएससी वॉटरप्रूफ आहे म्हणून जुलैत मैदानात गाडी घालू नका. पाऊस उघडून वरचा थर सुकू द्या. उन्हाळ्यात हीच माती पिठासारखी उडते. ब्रश्ड मोटर असेल तर ब्रशने आणि हवेने झाडा. मे महिन्यात लायपो बंद कारमध्ये ठेवू नका.

इतकं झाल्यावर मोटर. ब्रशलेस घ्यायची तर १/१० साठी ३६५० मापाची, ३३०० केव्हीच्या (केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे) आसपासची मोटर आणि ६० अँपिअरचा ईएससी हा सावध संच आहे. ३६५० म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ५० लांबी. बसवण्याआधी मोटरच्या जागेची लांबी मोजा. बसवल्यावर ईएससीला थ्रॉटलच्या तीन जागा शिकवा: पूर्ण पुढे, पूर्ण ब्रेक, न्यूट्रल.

मग गिअरिंगचं गणित. ट्रॅक्सस स्लॅशच्या दोन चाकांच्या ट्रकमध्ये गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण २.७२ आहे. ८६चा स्पर आणि १८चा पिनियन लावला तर ८६ भागिले १८ गुणिले २.७२, म्हणजे १३: मोटरच्या १३ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. ७.४ व्होल्टला ३३०० केव्हीची मोटर मिनिटाला २४,४२० फेरे घेते. ११० मिलिमीटरचा टायर धरला तर कागदावर ताशी ३९ किलोमीटर. पिनियन २२ केला की ४७ च्या वर. नवख्याने १८ किंवा त्याहून लहान पिनियनवर सुरुवात करावी. टायर मोठे लावले तरी गिअरिंग चढतं, हे विसरलं जातं: ११० वरून १२५ मिलिमीटरला गेलात तर पिनियन १८चा १६ करा.

पहिल्यांदा तीन मिनिटं चालवून थांबा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा. ८० अंशांच्या वर गेली तर पिनियन दोन दातांनी कमी. जास्त तापलेल्या मोटरचे चुंबक कायमचे कमजोर होतात. जानेवारीत बसवलेलं गिअरिंग मे महिन्यात चालेलच असं नाही, हवाच कितीतरी जास्त गरम असते. तेव्हा पुन्हा मोजा.

आणि अॅल्युमिनिअमचे चकचकीत भाग. पुढचे आर्म्स अॅल्युमिनिअमचे करू नका. नायलॉनचा आर्म धडकेत वाकून परत येतो. अॅल्युमिनिअमचा वाकला की वाकलेलाच राहतो, किंवा न वाकता तो धक्का चेसिसच्या माउंटला देतो, आणि माउंट बदलायचा तर अर्धी गाडी उघडावी लागते. धातू तिथे घाला जिथे झीज होते: पिनियन, हेक्स, ड्राइव्हशाफ्ट. पिशवीत एक नायलॉनचा आर्म, दोन स्पर, चार हेक्स पिना आणि मूठभर स्क्रू असले की मैदानातून गाडी हातात घेऊन परतायची वेळ क्वचित येते.