डार्टमूर उजाड का दिसते?

नमस्कार. डार्टमूरविषयीचा मागचा व्हिडिओ आल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतो आहे. नकाशावर ‘डार्टमूर फॉरेस्ट’ असे ठळक छापलेले आहे, मग झाडे कुठे आहेत? एका प्रेक्षकांनी तर मी भलत्याच जागेचे चित्रण दाखवले असावे, अशी शंका अगदी सभ्य भाषेत व्यक्त केली. प्रेक्षकांचा दुसरा गट याच्या नेमके उलट लिहितो: ‘किती सुंदर, माणसाचा हातही न लागलेला निसर्ग!’ पहिल्या प्रश्नाचे मला हसू येते, दुसऱ्या वाक्याची मात्र मनापासून चीड येते. दोन्हींचे उत्तर एकच असल्यामुळे आजचा सगळा वेळ मी त्यावरच घालवणार आहे.

प्राथमिक माहिती भराभर सांगून टाकते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन नावाची काउंटी आहे आणि तिच्या मधोमध हा उंच माळ पसरलेला आहे. 1951 मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला; उद्यानाचे क्षेत्रफळ 954 चौरस किलोमीटर असून हाय विल्हेज ही सर्वांत उंच जागा 621 मीटरवर आहे. खडक ग्रॅनाइटचा. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली खोलवर शिलारस थिजून तो तयार झाला आणि वरचे थर झिजून गेल्यावर उघडा पडला. टेकड्यांच्या माथ्यांवर एकावर एक पाट रचून ठेवल्यासारखे जे कातळ दिसतात, त्यांना ‘टॉर’ म्हणतात. ते कोणीही रचलेले नाहीत. खडकातल्या भेगांतून मुरलेल्या पाण्याने ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार नावाचे खनिज कुजवून त्याची माती केली. हिमयुगात मोठी हिमचादर इथवर पोचली नव्हती, पण गोठण्या-वितळण्याच्या असंख्य फेऱ्यांत तो भुसभुशीत भाग उतारावरून घसरत गेला आणि जिथे भेगा विरळ होत्या तिथला घट्ट कातळ उभा राहिला. टॉरवर मी स्वतंत्र व्हिडिओ करीन, त्यामुळे कृपया आजच्या व्हिडिओखाली टॉरचे प्रश्न विचारू नका. तुम्ही विचारणारच आहात, हे मला ठाऊक आहे.

आता ‘फॉरेस्ट’. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ झाडी असा नव्हता. राजाच्या शिकारीसाठी राखलेली आणि वेगळ्या कायद्याखाली आणलेली जमीन म्हणजे फॉरेस्ट. तिच्यावर एकही झाड नसले तरी ती फॉरेस्टच असे. 1204 मध्ये डेव्हनच्या लोकांनी जॉन राजाला 5000 मार्क मोजून काउंटीतली बाकीची जमीन या कायद्यातून सोडवून घेतली. डार्टमूर आणि एक्समूर एवढेच राजाने हाती ठेवले. 1239 मध्ये तिसऱ्या हेन्रीने डार्टमूर आपल्या भावाला, म्हणजे कॉर्नवॉलच्या रिचर्डला दिले, आणि 1337 पासून ते डची ऑफ कॉर्नवॉलकडे, म्हणजे राजाच्या थोरल्या मुलासाठीच्या जहागिरीकडे आहे. म्हणजे नकाशावरचा तो शब्द वनस्पतिशास्त्राचा नसून महसुलाचा आहे. सातबाऱ्यावर ‘जंगल’ लिहिले म्हणून तिथे वाघ असतोच असे नाही, तसाच हा प्रकार.

पण मग झाडे खरोखरच कधी नव्हती का? होती. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून हा मुद्दा मी तीन बाजूंनी सांगणार आहे. पुनरुक्ती वाटली तरी ऐकून घ्या.

पहिली बाजू पीटची. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा, पाण्याने फुगलेला थर म्हणजे पीट. तो वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतो आणि त्याच्यात त्या त्या काळचे परागकण जसेच्या तसे अडकून राहतात. नळी खुपसून त्याचा उभा नमुना काढला की खालच्या थरांत ओक, हेझल, बर्च यांचे पराग सापडतात, काही ठिकाणी त्यांच्या जोडीला कोळशाचे सूक्ष्म कण दिसतात, आणि वर येता येता झाडांचे पराग घटून गवताचे आणि हेदर नावाच्या बुटक्या झुडपाचे वाढत जातात. शेती सुरू होण्याआधीच्या शिकारी लोकांनी झाडीच्या कडा जाळून मोकळी कुरणे केली असावीत, म्हणजे हरणे तिथे चरायला येतील, असा या कोळशाचा अर्थ लावला जातो. झाडे गेली की जमिनीतले पाणी शोषणारे कोणी उरत नाही. पावसाने झिरपत गेलेले लोह खाली एका कठीण पापुद्र्याच्या रूपाने साचते, त्यामुळे पाणी वरच तुंबते, आणि तुंबलेल्या पाण्यात शेवाळ वाढून पुन्हा पीटच तयार होते. थंड, ओल्या हवामानाचा यात मोठा वाटा आहे, आणि सर्वांत उंच माथ्यांवर दाट झाडी कधीच नसेल, हे मी मान्य करते. परंतु आज दिसतो तो अफाट मोकळेपणा एकट्या हवामानाने केलेला नाही.

दुसरी बाजू दगडांची, आणि इथे मला माझी फजिती सांगावी लागेल. डार्टमूरवर ‘रीव्ह’ नावाचे कांस्ययुगीन बांध आहेत. इसवी सनापूर्वी 1500 च्या आसपास लोकांनी हजारो एकर जमीन समांतर पट्ट्यांत वाटून घेतली, आणि त्यांच्या सीमा नाले व दऱ्या यांची पर्वा न करता सरळ पुढे जातात. 1970 च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञांच्या अभ्यासातून त्यांचे वय आणि व्याप्ती नीट कळली. हे सगळे वाचून मी मोठ्या उत्साहाने तिथे गेले आणि भर दुपारी, नकाशा हातात धरून, तीन तास त्याच माळावर फिरले. काहीही दिसले नाही. शेवटी एका बुटक्या, गवताळ उंचवट्यावर बसून मी मैत्रिणीला सांगितले की, पुस्तकवाले उगाच अतिशयोक्ती करतात. संध्याकाळी परतताना सूर्य खाली उतरला, सावल्या लांबल्या आणि समोरच्या उतारावर वहीवर आखाव्यात तशा रेषा एकामागून एक उमटल्या. आम्ही दुपारी बसलो होतो तो उंचवटा त्यांच्यापैकीच एक होता. मागे जाऊन हेदर बाजूला सारले, तेव्हा हाताला मातीखालचे दगड लागले. ज्यांना हा माळ ‘अस्पर्श’ वाटतो, त्यांनी तो बहुधा दुपारी पाहिलेला असतो.

याच लोकांच्या घरांची गोल दगडी जोती माळावर हजारोंच्या संख्येने आहेत. ग्रिम्सपाउंड येथे एकाच मोठ्या दगडी आवाराच्या आत अशी चोवीस जोती आहेत. 2011 मध्ये व्हाइटहॉर्स हिल येथे पीटमध्ये दडलेली एक छोटी दगडी पेटी उघडण्यात आली. पीटमध्ये हवा पोचत नसल्यामुळे एरवी केव्हाच नष्ट झाल्या असत्या अशा वस्तू तिच्यात टिकल्या होत्या: जाळलेल्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात होत्या, शेजारी विणलेली टोपली होती, अंबरचे मणी होते आणि गायीच्या केसांची वेणी घालून केलेले, कथिलाच्या टिकल्या बसवलेले एक कडेही होते. त्या टिकल्या लक्षात ठेवा, कारण मध्ययुगात याच कथिलाने इथल्या दऱ्या उलथ्यापालथ्या केल्या.

कथिलाचे खडे ओढ्यांच्या गाळात मिळत. पाण्याचे पाट फिरवून गाळ धूत धूत खाणकाम करणारे लोक पुढे सरकत आणि मागे गोट्यांचे ढीग टाकत जात. आज गवताने झाकलेले ते ढीग पाहून लोक ‘नैसर्गिक टेकड्या’ म्हणून छायाचित्रे काढतात. टॅव्हिस्टॉक, अ‍ॅशबर्टन, चॅगफर्ड आणि प्लिम्प्टन ही कथील तोलून त्यावर कर घेण्याची ठरलेली गावे होती, आणि कथिलवाल्यांची स्वतःची सभा क्रॉकर्न टॉरच्या उघड्या कातळांवर भरत असे. धुतलेला गाळ नद्यांतून वाहत जाऊन बंदरे बुजवू लागला, तेव्हा रिचर्ड स्ट्रोड या संसद सदस्याने त्याला आळा घालणारा कायदा आणण्याचा प्रयत्न केला. कथिलवाल्यांच्या न्यायालयाने त्यालाच लिडफर्डच्या तुरुंगात टाकले. त्यातून 1512 चा कायदा झाला आणि संसदेतल्या कामाबद्दल सदस्यावर खटला भरता येणार नाही, हे तत्त्व पक्के होण्याच्या वाटेवरचा तो एक टप्पा ठरला. माळावरचा गाळ बंदरापर्यंत पोचतो आणि त्याचे भांडण संसदेपर्यंत. तरीही आपण त्याला ‘हात न लागलेला’ म्हणायचे!

तिसरी बाजू चराईची, आणि ही तर आजही डोळ्यांसमोर चालू आहे. मेंढ्या, गुरे आणि तट्टे कोवळी रोपे खुडून खातात, म्हणून झाडे वर येत नाहीत. पटत नसेल तर वेस्ट डार्ट नदीच्या काठचे विस्टमन्स वुड पाहा. शेवाळाने मढलेल्या मोठमोठ्या शिळांच्या खाचांत वाकडे, ठेंगणे ओक उभे आहेत, कारण त्या खाचांत मेंढीचे तोंड पोचत नाही. एका प्रेक्षकांनी ‘मग सगळीकडे झाडे लावा’ असे सुचवले आहे. कृपया घाई करू नका. खोल पीटवर झाडे लावण्यासाठी चर खणले की पीट वाळते आणि हजारो वर्षे साठलेला कर्ब हवेत जातो. दरीच्या उतारावर झाडे येऊ देणे वेगळे आणि माथ्यावरच्या दलदलीत लावणे वेगळे.

शेवटी तंबूविषयी, कारण त्याबद्दल सर्वांत जास्त विचारणा झाली आहे. माळाचा मोठा भाग सामायिक चराईचा आहे. जमीन मालकाची असते, पण आसपासच्या शेतकऱ्यांना तिच्यावर गुरे सोडण्याचा जुना हक्क असतो. 1985 च्या डार्टमूर कॉमन्स कायद्याने या जमिनींवर मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी पायी किंवा घोड्यावरून फिरण्याचा हक्क सर्वांना दिला. रात्री तंबू ठोकून झोपणे या विरंगुळ्यात मोडते का, एवढ्या एका मुद्द्यावर खटला झाला. जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटले, त्याच वर्षी जुलैमध्ये अपील न्यायालयाने ते फिरवले, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ‘होय’ असा निकाल दिला. उपविधींच्या मर्यादेत, नेमून दिलेल्या भागांत, पाठीवरचा छोटा तंबू एक-दोन रात्रींसाठी टाकता येतो. उत्तर भागात लष्कराच्या गोळीबाराची मैदाने आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहा आणि लाल निशाण दिसले तर पुढे जाऊ नका. तंबू टाकण्यापूर्वी पायाखालचा उंचवटाही एकदा चाचपून पाहा, आणि तो सरळ रेषेत दूरवर जात असेल तर खुंट्या दुसरीकडे ठोका.