इसानच्या गावातला फरंग

थायलंडमधल्या उदोन थानी शहरापासून तासाभरावरचं एक गाव. सकाळचे सहा वाजलेत आणि खांबावरचा भोंगा सुरू झालाय. बोलतोय फू याय बान, म्हणजे गावचा कारभारी, आपल्याकडे पोलीस पाटील असतो ना तसा. लाइट कधी जाणारे, कुणाकडे मयत झालीये, सगळं भोंग्यावरच. बरोब्बर खांबाखाली ज्याचं घर आहे तो गोरा म्हातारा यावर भांडायला जात नाही. इथे आवाज चढवला की माणूस हरला, मग तो बरोबर असला तरी, हे त्याला केव्हाच कळलंय.

रिटायर होऊन थायलंडला राहणारा परदेशी म्हटलं की आपल्याला पट्टायाच आठवतं, बीच, बिअर वगैरे. ते आहेच, नाही असं नाही. पण आपण आलोय ईशान्येला, इसानमधे. भाताची खाचरं, म्हशी, आणि मधेच एखादा चकचकीत टाइल्सचा बंगला. तो दिसला की समजायचं, जावई फरंग असणार. गोऱ्या परदेशी माणसाला इथे सगळे फरंगच म्हणतात.

हे लोक इथवर आले कसे? व्हिएतनाम युद्धात उदोन, उबोन, कोराट इथे अमेरिकेचे एअरबेस होते, १९७६ मधे सैन्य गेलं पण काहींची लग्नं इथेच जमली होती, काही जण रिटायर झाल्यावर परत आले. मग ब्रिटिश, जर्मन, स्वीडिश आले. इसानच्या मुली कामाला बँकॉक-पट्टायाला गेल्या, तिथे ओळखी झाल्या आणि पुढे नवऱ्याला घेऊन त्या गावी परतल्या.

आता बंगल्याचं. फरंगला थायलंडमधे जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, घेता येतो, तोही बिल्डिंगमधल्या परदेशींसाठीच्या ४९ टक्के कोट्यातला, पण गावात कुठला आलाय कॉन्डो! मग जमीन बायकोच्या नावावर, आणि व्यवहाराच्या वेळी नवऱ्याने लिहून द्यायचं की हा पैसा तिचा स्वतःचा आहे, माझा संबंध नाही. म्हणजे आयुष्यभराची पुंजी घालायची आणि वर सही पण आपणच करायची. जरा सावध असलेले ३० वर्षांची लीज नाहीतर हयातीपर्यंत वापराचा हक्क नोंदवून घेतात, बाकीचे बायकोवर भरवसा ठेवतात. काहींचं छान चालतं, काही बॅग उचलून निघतात.

गाव मात्र त्याला पटकन आपला करून टाकतं. पोरंसोरं लुंग म्हणायला लागतात, म्हणजे काका, आणि एकदा काका झालात की काकाची कामंही आलीच, सासूचा दवाखाना, भाच्याची मोटरसायकल, शेजारच्या मयतीला पाकीट. सुरुवातीला फरंग भडकतो, मी काय एटीएम आहे का! पण गावचा हिशोब सरळ आहे, ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, आणि मागितलं म्हणजे घरचा धरलं. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच ते भांडण मिटत नाही.

हे बघा, भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपलाय आणि कथिनची मिरवणूक निघालीये. आपल्याकडच्या बौद्ध मंडळींना कठीण चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्रं दान करायचा सोहळा, माहितीये, तेच हे. पिकअपवर मोठे स्पीकर, पुढे बायका नाचतायत आणि लुंगच्या हातात पैशाचं झाड, बांबूच्या काड्या चिरून त्यात नोटा अडकवलेल्या, २० च्या हिरव्या, १०० च्या लाल. विहाराला तीन फेऱ्या होईपर्यंत त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटलाय पण झाड काही तो दुसऱ्याकडे देत नाहीये.

सरकारच्या लेखी मात्र हा माणूस पाहुणाच. वय ५० च्या पुढे, थाई बँकेत ८ लाख बाट नाहीतर महिन्याला ६५ हजार बाटचं उत्पन्न, तेव्हा कुठे पासपोर्टवर एक वर्ष राहण्याचा शिक्का मिळतो. पुढच्या वर्षी परत तेच, पासबुकात ताजी एंट्री, झेरॉक्सच्या पानापानावर सही. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, देशाबाहेर जाताना आधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढायचं, विसरलात तर शिक्का बाद. आणि ते ८ लाख? शिक्का मिळाल्यावर तीन महिने हात लावायचा नाही, नंतरही ४ लाखांच्या खाली जायचं नाही. ब्रिटिशांचं तर सरकारी पेन्शन इथे आल्यावर वाढायचंच थांबतं, अमेरिकनांना मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, इथे मिळत नाही, म्हणजे आजारपण आलं की खिशातूनच.

आणि एक दिवस भोंग्यावर याचंच नाव येतं. शेजारणी भाज्या चिरायला येतात, रात्री भिक्खूंचं पठण होतं, पाकिटं जमतात, यात गाव कुठेच कमी पडत नाही. पण मनगटाला दोरे बांधून गावात लावलेलं लग्न सरकारी ऑफिसात नोंदवलेलं नसेल तर दूतावास परदेशातले नातेवाईक शोधतो, मग तो बापाशी कित्येक वर्षं न बोललेला मुलगा असला तरी. आणि बँकेतली रक्कम, मृत्युपत्र असलं तरी, कोर्टाची ऑर्डर येईपर्यंत सहसा तशीच पडून राहते.