रामही साळुंके, सीताही साळुंके

नमस्कार मंडळी! आधी हा सीन नीट बघा. 'राजा हरिश्चंद्र', 1913. राणी तारामती सख्यांबरोबर हौदात उतरलीय, ओली लुगडी अंगाला चिकटलीयत... आणि यात एकही बाई नाहीये. झाडून सगळे पुरुष! राणी म्हणजे अण्णा साळुंके.

अण्णा काही नाटकवाले नव्हेत. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात आचारी. पगार महिना 10 रुपये. इकडे दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. सिनेमात तोंड रंगवायला बाईमाणूस तयारच होईना; कामाठीपुऱ्यातूनही नकार आला म्हणतात. हॉटेलात चहा पिताना त्यांची नजर या माणसाच्या नाजूक बांध्यावर गेली आणि त्यांनी 15 रुपये देऊ केले. पाच रुपये जास्त आणि थेट राणीपद! मीसुद्धा गेलो असतो.

आता तुम्ही म्हणाल, पुरुषाने लुगडं नेसण्यात नवल ते काय? बरोबर. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी निघाली, बालगंधर्व ऐन भरात होते. पण नाटकात स्त्रीपार्टी करायची तर गळा लागतो. पदं, ताना, वन्समोअर! मूकपटात आवाजच नाही. म्हणून तर भटारखान्यातला माणूस उठून तारामती होऊ शकला.

खरं तर त्याच साली 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. म्हणजे अण्णांचं लुगडं आता खुंटीला, असं वाटेल. छे! 1917च्या 'लंकादहन'मध्ये सीता कोण? अण्णाच. आणि राम? तोही अण्णाच! आपल्या सिनेमातला हा पहिला डबल रोल मानतात.

जरा डोळ्यांसमोर आणा. पडद्यावर राम आला की थिएटरात लोक चपला काढून ठेवायचे. थोड्या वेळाने तोच माणूस लुगड्यात, अशोकवनात रडत बसलेला. आवाज ऐकू आला असता तर पकडला गेला असता की नाही, सांगा!

पुढे 1931 साली 'आलम आरा' आला, पडदा बोलायला लागला. पण अण्णांचं काही अडलं नाही. ते 1920च्या दशकातच छायालेखक झाले होते. फाळक्यांच्या नाशिकच्या कंपनीत, कॅमेऱ्यामागे उभे राहून, ते दुसऱ्यांच्या सीता टिपत होते.