माळावरचं सात खोल्यांचं घर

सपाट माळ चालत यावं आणि पायाखालची जमीन एकदम खाली उतरावी, तशी ही दरी. अमेरिकेतलं पश्चिम कॅन्सस, स्कॉट परगणा. तळाशी ओढा, बारमाही झरा आणि या बुटक्या दगडी भिंती. जागेचं नाव एल क्वार्तेलेहो.

खोल्या मोजा. सात. भिंतींना दार नव्हतं, खिडकी नव्हती. शिडीने छतावर चढायचं आणि छतातल्या तोंडातून आत उतरायचं. ही घडण पुएब्लो या मूळ अमेरिकी लोकांची, आणि त्यांची गावं तर न्यू मेक्सिकोत, इथून शेकडो किलोमीटरवर! १८९८ साली कॅन्सस विद्यापीठाच्या लोकांनी हे अवशेष उकरले, तेव्हा आत जळका मका निघाला. आज दिसतात त्या भिंती नंतर पुन्हा रचलेल्या आहेत.

हा मुलूख अपाची या दुसऱ्या मूळ अमेरिकी लोकांचा. अपाची म्हणजे नुसते गव्यामागे भटकणारे, हे आपण फार वर्षं ऐकत आलो. ते खरं नाही. ते इथे मका, भोपळा पिकवत होते. स्पॅनिश सत्तेची वेठबिगार आणि धर्मावरची बंदी सोसेना, तेव्हा ताओस आणि पिकुरीस या पुएब्लो गावांची माणसं या अपाचींकडेच आली. काही पुएब्लोंनी स्पॅनिशांविरुद्ध केलेल्या १६८० च्या उठावाआधी, काही १६९६ मध्ये.

आता हे खापर जवळून पाहा. उन्हाकडे जरा कलतं केलं की अभ्रकाचे कण चमकतात. इथल्या काही भांड्यांची घडवण्याची रीत पुएब्लो, माती मात्र याच भागातली. म्हणजे डोक्यावरून वाहून आणलेली ही भांडी नव्हेत. कुणीतरी इथे बसून, इथली माती मळून ती घडवली. पुएब्लोंमध्ये हे काम बायकांचं. अपाची घरांत नांदलेल्या बायका असतील या. स्पॅनिश कागदांत पिकुरीसची माणसं अपाचींच्या कैदेत होती असं लिहिलंय. काही असतीलही. पण ते कागद त्यांना परत न्यायला आलेल्यांचे आहेत. मला हे खापर जास्त बोलकं वाटतं.

१७०६ मध्ये स्पॅनिश अधिकारी हुआन दे उलिबारी आला आणि पिकुरीसच्या ६२ जणांना परत घेऊन गेला. पुढे कोमांची या आणखी एका जमातीच्या हल्ल्यांनी अपाचीही इथून हलले.

झऱ्यापासून शेताकडे निघालेला हा पाट. मक्याला पाणी इथून जायचं.