सातबारा नसलेल्या बापाचा मुलगा आमदार

नमस्कार मंडळी. आजची गोष्ट एका आमदाराची, पण सुरुवात त्याच्या बापापासूनच करावी लागते.

साल 1844. अमेरिकेतल्या मिझुरीतून पाच कुटुंबं बैलगाड्या जोडून पश्चिमेला निघाली. त्यात जॉर्ज बुश, त्याची बायको इझाबेला आणि मुलं. थोरला विल्यम ओवेन जेमतेम बारा वर्षांचा. जॉर्ज काळा, इझाबेला गोरी. जायचं होतं ऑरेगॉनला. तिथे पोचतात तर कायदा आधीच करून ठेवलेला: काळ्या माणसाने इथे राहायचं नाही, राहिला तर फटके!

आता सोबतची गोरी कुटुंबं काय करतात बघा. मायकल सिमन्स त्यांचा म्होरक्या. बुशला सोडून ते पुढे गेले नाहीत. सगळेच कोलंबिया नदीच्या उत्तरेला सरकले. तिकडे हडसन्स बे या ब्रिटिश कंपनीचा वावर, हा कायदा तिथवर पोचत नव्हता. 1845 मध्ये आजच्या टमवॉटर गावाजवळ वस्ती झाली. माळ काही रिकामा नव्हता हं, निस्क्वाली लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. बुशच्या तिथे जन्मलेल्या धाकट्या मुलाचं मधलं नावच निस्क्वाली.

मग 1846 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत सरहद्दीचा करार झाला आणि बुशचं शेत अमेरिकेत आलं. ज्याच्यापासून लांब पळाला, तेच दारात! 1850 च्या कायद्याने वसाहतवाल्यांना फुकट जमिनी मिळाल्या, पण काळ्यांना नाही. म्हणजे शेत कसतोय हा, आणि आपल्या भाषेत सातबारा नावावर नाही.

1852 च्या हिवाळ्यात धान्याची टंचाई पडली. व्यापारी वाट्टेल तो भाव द्यायला तयार. बुशने त्यांना दाणा विकला नाही. भुकेल्या शेजाऱ्यांना दिला, परत जमेल तेव्हा करा म्हणाला. पुढे त्याच्या जमिनीसाठी तिथल्या विधिमंडळाने थेट काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, साकडं घातलं, आणि 1855 मध्ये खास कायदा करून 640 एकर त्याच्या नावावर झाली. मताचा हक्क मात्र मिळाला नाही. 1863 मध्ये तो गेला.

शेत ओवेनकडे आलं. पठ्ठ्याने असा गहू काढला की 1876 च्या फिलाडेल्फियातल्या जागतिक प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. 1889 मध्ये या भागाचं वॉशिंग्टन राज्य झालं, आणि पहिल्याच विधिमंडळात ओवेन निवडून आला. त्या सभागृहातला पहिला काळा आमदार. बापाला जे मत टाकता येत नव्हतं, ते आता मुलगा मागत होता.

आणि त्याने विधेयक कसलं मांडलं? शेतकी कॉलेजचं! 1890 मध्ये ते कॉलेज मंजूर झालं. आजची वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी ती हीच, पुलमन गावातली. गावाभोवतीच्या टेकड्यांना म्हणतात पलूस. सांगलीकरांनो, हसू नका, खरंच तेच नाव आहे. तिथे ऊस नाही पिकत. मैलोन्‌मैल गहू असतो.